शेजार

"गाठ काय बघायची? तिचा शेजार बघा की!" नगरच्या आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ काका स्वतःशीच पुटपुटले. स्तनातल्या गाठीभोवतीच्या कोलॅजेनच्या धाग्यांना ते शेजार म्हणत. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला गाठीचा काप ते श्वास रोखून घेत. इतका पातळ काप मी पुण्यात डॉक्टरकी शिकतानाही पाहिला नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी घाईत "साधी गाठ" म्हणून श्रीगोंद्याच्या एका बाईला घरी पाठवायला सांगितलं होतं. काकांनी गाठीच्या कडेचा नवा काप रंगवून माझ्यासमोर सरकवला. "डाक्टरीनबाई, धागं विरल्यात. साधी न्हाई ही. माझं कोन ऐकतंय? तुमी सांगा."

सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी धागे खरोखरच तुटले होते आणि गाठीच्या पेशी त्यांतून बाहेर घुसल्या होत्या; ही कर्करोगाची खूण. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, मराठीत बोलायला बिचकायची. तरी मोठ्या डॉक्टरांच्या दारात जाऊन म्हणाले, "सर, काकांचा काप आणलाय. शेजार बघा."