दोन डोक्यांचं भंगार
संगणकातली तापलेली धूळ नाकाला लागली की मला चंद्रपूरजवळच्या मूल गावातलं आमचं डीटीपीचं, पत्रिका-पोस्टरं जुळवायचं दुकान आठवतं. घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या एका कार्यालयाच्या भंगारातून मी दोन प्रोसेसरचा जुना संगणक आणला होता. आत कोळशाची धूळ बसलेली आणि पंख्याचा आवाज राइस मिलसारखा. "हे दोन डोक्याचं भंगार काऊन आणलं?" असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा मी पंख्यातली धूळ पुसत होते. एका दुपारी त्यावर लग्नाची व्हिडिओ सीडी तयार होत होती. काम मध्येच थांबवलं असतं तर पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि नवरीचे वडील संध्याकाळी येणार होते. तेवढ्यात नाटक कंपनीचे मॅनेजर आले. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या नाटकाची हिरॉईन ऐन वेळी बदलली होती आणि नवं पोस्टर आजच छापायला द्यायचं होतं. "तुमची मशीन तं कामात हाय, बाई. मी चंद्रपूरले जातो," ते म्हणाले. ते गेले असते तर सगळ्या सीझनचं काम गेलं असतं. "बसा भाऊ, या मशीनला दोन डोकी आहेत," मी म्हटलं. आधीच्या एकाच प्रोसेसरच्या संगणकावर व्हिडिओ तयार होत असताना माऊससुद्धा हलत नसे. इथे मी नव्या हिरॉईनचा फोटो कापला, मागे पेटलेलं आभाळ लावलं, नाटकाचं नाव लाल केलं, आणि खाली व्हिडिओ किती झाला ते दाखवणारी पट्टी आपली पुढे सरकत राहिली. मॅनेजर चहा विसरून पाहत होते. "एक डोकं लग्नात, एक नाटकात. दोघंबी कामाले लागले ना, बाई." संध्याकाळी दोन्ही गिऱ्हाइकं खूश होऊन गेली, तेव्हा नवरा हळूच म्हणाला, "अजून एखादं भंगार भेटते काय, पाहून येऊ?" आता माझ्या फोनमध्येच आठ प्रोसेसर आहेत म्हणे, पण त्या दुपारएवढं काम मी त्यांना अजून दिलेलं नाही.