पठारासाठी लावलेला कार्बोरेटर

रावद्ना लग्न होऊन पठारावर आली तेव्हा तिला फास टाकता येत नव्हता. ती समुद्राकाठची, कोळ्याची मुलगी. रेनडिअर तिने लांबूनच पाहिलेले. पहिल्या शरदात जनावरं कुंपणात घेतली तेव्हा दिवसभरात तिच्या फासात एक वासरू, भूर्जाची एक फांदी आणि सासऱ्यांची टोपी एवढंच सापडलं. सासरे टोपी झटकत म्हणाले, "चला, घरातलं माणूस तरी धरलं."

इथे कुणाला तुझे रेनडिअर किती, असं विचारायचं नसतं. पण न विचारताही सगळ्यांना ठाऊक असतं. रावद्ना आणि तिचा नवरा योउन्ना यांची जनावरं कमी होती, हे एकत्र कळप राखणाऱ्या सगळ्या गटाला ठाऊक होतं. थोड्या जनावरांच्या माणसाने कळपाबरोबर हिंडायचं तर त्याच्या हातात काहीतरी कसब असावं लागतं. रावद्नाच्या हातात ते लवकरच आलं.

योउन्नाने एक जुनी स्कूटर आणली. पुढे दोन पट्ट्या, मागे फिरणारा पट्टा, बर्फावर पळणारी. त्या काळी गटात अशा दोनच होत्या, आणि पारा उणे तिशीखाली गेला की दोन्ही मुक्या. पुरुष इंजिन चालू करायची दोरी ओढ ओढ ओढायचे, शिव्या द्यायचे, शेवटी स्की बांधून निघून जायचे. रावद्नाने बापाच्या होडीचं इंजिन लहानपणापासून साफ केलेलं. एका सकाळी तिने स्कूटरचा कार्बोरेटर सोडवून स्वयंपाकघरात आणला आणि टेबलावर फडकं पसरून त्याचे भाग मांडले.

सासू म्हणाली, "हे काय चिरतेस?"

"तुमच्या मुलाची गाडी."

"मग मीठ घाल. तशीही कुजलीच आहे."

त्या दिवशी संध्याकाळी गाडी चालू झाली. पुढच्या हिवाळ्यात सगळ्या गटाच्या गाड्या रावद्नाच्या दारात यायला लागल्या.

काम बारीक होतं. कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक खडा असतो, करंगळीच्या नखाएवढा. त्याला भोक. तो जेट. इंजिनाला पेट्रोल किती मिळायचं ते त्या भोकावर ठरतं. थंडी वाढली की हवा घट्ट होते आणि तिला पेट्रोल जास्त लागतं. भोक लहान पडलं तर इंजिन आतून तापतं आणि पिस्टन जळून चिकटतो. हवा उबदार झाली की उलटं. पेट्रोल उतू जातं, प्लग काळा-ओला होतो आणि गाडी खोकत बसते. रावद्नाकडे लहानमोठ्या जेटची एक चामडी पिशवी होती. ती गळ्यात, कपड्यांच्या आत असायची, म्हणजे उबेमुळे पितळ गोठून बोटांना चिकटत नसे. जेटमध्ये ती कधी तार घालायची नाही, तारेने भोक मोठं होतं. बुटात भरायच्या वाळल्या गवताची काडी घालायची. आणि शेवटचा स्क्रू ती कानाने लावायची. डोळे मिटून, मान तिरकी करून, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. इंजिनाचा सूर चढून स्थिरावला की हात थांबायचा.

योउन्ना गेला त्यानंतरही ती कळपाबरोबर जात राहिली. कुणी नको म्हटलं नाही. गाड्या तिच्यावाचून चालत नव्हत्या.

मग कान जायला लागले. तीस वर्षं टू-स्ट्रोक इंजिनाशेजारी डोकं धरल्यावर दुसरं काय होणार? आधी पक्ष्यांचे आवाज गेले, मग किटलीची शिट्टी. रावद्नाने कुणाला सांगितलं नाही. लोकांच्या ओठांकडे बघून ती उत्तरं देऊ लागली, आणि इंजिनाशी मान तिरकी करत राहिली.

नोव्हेंबरात तिनेच लावून दिलेल्या इस्साटच्या गाडीचा पिस्टन जळाला. इस्साट म्हणजे योउन्नाचा धाकटा भाऊ, आता गटाचा म्होरक्या. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध गाडी थांबली आणि त्याला अकरा किलोमीटर चालत यावं लागलं. तो काही बोलला नाही. फेब्रुवारीत मात्र त्याने रावद्नाला कॉफीला बोलावलं. पुतण्या बिएराही बसला होता, सुकं मांस चाकूने तासत.

इस्साटने कॉफी ओतली. "वहिनी, यंदा किनाऱ्याकडच्या स्थलांतराच्या आधी गाड्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये नेतो."

"का?"

"का म्हणजे? अकरा किलोमीटर. पायाच्या अंगठ्याला अजून थंडी सहन होत नाही माझ्या."

"शहरातला माणूस गाडी जिथे उभी असेल तिथल्या हवेला लावतो. आपण तिथे राहतो का?"

"त्याच्याकडे मापाची यंत्रं आहेत."

"माझ्याकडे—"

"काकी," बिएरा मांस चघळत म्हणाला, "आम्ही हाक मारली की तुम्ही तिसऱ्या हाकेला वळता. इंजिन तीनदा हाक मारत नाही."

त्याचा अर्धा चेहरा चाकूमागे होता, पण रावद्नाला ते पुरतं कळलं. तिने इथल्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचा तुकडा टाकला आणि तो मऊ होईपर्यंत ढवळत राहिली.

इस्साट हळू आवाजात, पण ओठ नीट हलवत म्हणाला, "तुमची जनावरं कळपाबरोबर येतील, त्याची काळजी नको. तुम्ही या वेळी रस्त्याने या. मोटारीतून, सामानाबरोबर."

"सामानाबरोबर," रावद्ना म्हणाली.

"तसं नव्हतं म्हणायचं."

"मी माझ्या गाडीवरून येणार. आणि माझ्या गाडीचं झाकण दुसऱ्या कुणी उघडायचं नाही."

एवढं बोलून ती घरी आली. वाटेत तिला पक्कं कळलं होतं की या वेळी मोटारीत बसलं तर पुढच्या वर्षीही मोटारीतच बसायचं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी घरीच.

दुसऱ्या दिवशी तिने शेडमध्ये गाडी चालू केली आणि दोन्ही कानांत लोकर कोंबली. अर्धवट ऐकू येणारा कान खोटं सांगतो. त्यापेक्षा काहीच नको. उजवा हात स्क्रूवर, डावा हँडलवर. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. पहिले दहा दिवस हँडलची थरथर तिला सारखीच लागली. दोनदा इंजिन बंद पडलं आणि गारठून बधिरलेल्या हाताला ते कळलं नाही, समोरचा धूर थांबला तेव्हा कळलं. ती चिडली, कॉफी करून प्यायली, परत गेली.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी स्क्रू फिरवताना थरथर जाड होती ती बारीक झाली, सुतासारखी. तिने तिथेच हात थांबवला, गाडी तळ्यावर नेली, पूर्ण वेगात पळवली, एकदम बंद केली आणि प्लग काढून पाहिला. दुधाच्या कॉफीसारखा तांबूस. हाच रंग हवा असतो. पण एकदा जमलं ते योगायोगानेही जमतं. मग ती रोज करत राहिली. रोज सकाळी हवेचा पारा, जेटचा आकडा आणि प्लगचा रंग एका पुठ्ठ्यावर लिहायची. दरीत गावाजवळ करायची, मग वर चढून पठारावर करायची. दरीत थंडी साचून राहते. खाली उणे तीस असताना वर उणे चौदा असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण गाडी लावताना माणसं ते विसरतात, कारण गाड्या दरीत उभ्या असतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळप निघाला. इस्साट, बिएरा आणि आणखी एकाची गाडी शहरातून लावून आलेली. गाभण माद्या अस्वस्थ झाल्या होत्या, त्यांना किनाऱ्याच्या कुरणाची ओढ लागलेली. नदीचा बर्फ फुटायच्या आत पलीकडे जायचं होतं. उजाडताना दरीत उणे एकतीस होतं.

रावद्नाने आदल्या दिवशीच स्वतःच्या गाडीत पठाराचा लहान जेट बसवला होता. दरीतल्या थंडीत तो कमी पडणार, म्हणून ती पेट्रोल वाढवणारा चोक थोडा ओढून, गाडी अगदी सावकाश चालवत चढायला लागली.

बिएरा शेजारून जाताना ओरडला. रावद्नाने ओठ वाचले. "काकी, उतरून ढकलू का?"

"वर भेट," ती म्हणाली.

इस्साट सगळ्यांच्या पुढे. त्याच्या गाडीमागे दोरीने बांधलेला म्होरका रेनडिअर, गळ्यात घंटा, आणि त्याच्यामागे सगळा कळप लांबलचक ओळीत. कळपापुढे चालायचं म्हणजे माणसाच्या चालीने चालायचं. तासभर, दोन तास, इंजिन नुसतं मंद चालवत. चढ संपून पठार लागलं, वारा उबदार झाला. रावद्नाने चोक आत ढकलला. तिच्या हँडलची थरथर बारीक झाली.

समोर इस्साटच्या गाडीने निळा धूर सोडला. मग काळा. मग ती थांबली.

त्याने प्लग बदलले, दोरी ओढली, शंभर पावलं गेला, परत थांबला. तोवर जवळच बिएराचीही गाडी बसली. म्होरका रेनडिअर उभा राहिला तसा कळपही उभा राहिला, आणि मग मागची जनावरं बाजूला भूर्जांकडे पांगायला लागली. कुत्री धावली. तिसरी गाडी खोकत, थांबत कशीबशी कळपाच्या दुसऱ्या बाजूला गेली. कळप दरीत परत उतरला तर गोळा करायला तीन दिवस. तीन दिवस नदीचा बर्फ वाट पाहत नाही.

रावद्ना इस्साटच्या गाडीजवळ आली तेव्हा तो गुडघ्यांवर बसून प्लग पुसत होता. हातातला प्लग डांबरासारखा काळा.

"हा शेवटचा," तो म्हणाला. "चांगल्या माणसाने लावली होती."

"तू त्याला काय सांगितलंस?"

इस्साट प्लग पुसत राहिला.

"इस्साट, काय सांगितलंस?"

"म्हटलं, भरपूर पेट्रोल दे. परत जळायला नको."

"दिलं त्याने. तू मागितलंस तेवढं दिलं, दरीतल्या उणे तिसाला पुरेल असं. इथे ते उतू जातं." तिने हातमोजे काढून दातांत धरले आणि गळ्यातली पिशवी ओढली. मग हातमोजे गाडीवर टाकले, कारण बोलायचं होतं. "बाजूला हो."

"वहिनी, आता प्रयोग नको."

"बिएरा, माझी गाडी घे आणि म्होरक्या रेनडिअरला धरून त्या टेकाडापर्यंत हळूहळू चाल. माझी थांबणार नाही."

बिएराने इस्साटकडे पाहिलं. इस्साट कळपाकडे पाहत होता. कडेची जनावरं भूर्जांत शिरली होती. त्याने मान हलवली. बिएराने रेनडिअरची दोरी रावद्नाच्या गाडीला बांधली आणि निघाला. घंटा हलली, म्होरका चालू लागला. जवळच्या माद्यांनी माना वर केल्या आणि त्याच्यामागे पावलं टाकली.

रावद्नाने कार्बोरेटर मोकळा केला. उघड्या हातावर पेट्रोल सांडलं की वाऱ्यात ते भाजल्यासारखं झोंबतं. बोटं पांढरी पडायला लागली. तिने जेट काढला, पिशवीतून दुसरा घेतला, आकडा न वाचताच अंगठ्याच्या नखाने भोक चाचपलं आणि बसवला. प्लग गाडीच्या गरम नळीवर वाळवले, गवताने खरवडले, लावले.

"ओढ."

इस्साटने दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला गाडी चालू झाली. रावद्नाने डावा हात हँडलवर ठेवला आणि उजव्याने स्क्रू फिरवायला लागली. तिने मान तिरकी केली नाही. ती सरळ, समोर कळपाकडे पाहत होती.

इस्साट वाकून काहीतरी बोलला. ती वळली. "परत बोल. माझ्याकडे बघून."

"म्हटलं, आवाज बरा वाटतोय का?"

"मला काय विचारतोस? मला ऐकू येत नाही."

इस्साट तसाच वाकलेला राहिला.

"दोन वर्षं झाली," रावद्ना म्हणाली. हात स्क्रूवरच होता. "नोव्हेंबरातला पिस्टन माझ्यामुळे गेला. सूर वर चढला होता, मला कळलाच नाही. ऐकू येतंय असं दाखवत राहिले. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मग आता कशाने लावताय?"

तिने त्याचा हात धरला आणि हँडलवर ठेवला. पाव फेरा उलटा फिरवला. परत सुलटा. "कळलं?"

"नाही."

"मलाही महिनाभर कळलं नव्हतं. जा, त्या दगडापर्यंत पूर्ण पळव, एकदम बंद कर आणि प्लग घेऊन ये."

तो गेला. ती काखेत हात घालून उभी राहिली. बोटांत रक्त परत येताना सुया टोचतात तसं होत होतं. दगडापाशी गाडी थांबलेली दिसली. थोड्या वेळाने इस्साट परत आला आणि गरम प्लग या हातातून त्या हातात टाकत तिच्यासमोर धरला. टोक तांबूस होतं.

त्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "दिवसभर टिकेल?"

"पठारावर टिकेल. किनाऱ्याकडचा उतार लागला की परत थांबायचं. तिथे हवा आणखी उबदार. परत बदलायचा."

"कळप उतारावर थांबत नाही, वहिनी."

"मग थांबव. कळप तुझं काम आहे. हे माझं."

इस्साट हसला नाही. त्याने प्लग बसवला, टोपी नीट केली. "अकरा किलोमीटर मी विसरणार नाही," तो म्हणाला.

"विसरू नकोस. मीही विसरत नाही. मला आता हाक मारू नकोस, समोर येऊन बोलत जा. आणि रस्त्याने येणाऱ्यांत माझं नाव पुढच्या वर्षी घालू नकोस."

तो गाडीला वळसा घालून आला. मग मुद्दाम तिच्या समोर येऊन, ओठ मोठे हलवत म्हणाला, "बिएराची आधी करणार की तिसरी?"

"बिएराची. तो जास्त बोलतो."

इस्साट भूर्जांत शिरलेल्या जनावरांच्या मागे निघाला. रावद्नाने बोटं तोंडात धरून ऊब दिली, पेट्रोलची चव थुंकली आणि बिएराच्या गाडीचं झाकण उचललं.