बटणावरचा अंगठा

गंगापूर रोडच्या घरी गॅसची शेगडी दुरुस्त करायला जो माणूस यायचा, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सिन्नरकडचा होता. काम करताना सतत बोलायचा, पण माझ्याशी नाही, वायरीशी. "थांब गं, लय घाई तुला." शेवटी बटण दाबण्याआधी मात्र दर वेळी मला जवळ बोलवायचा. "काकू, वास येतोय का?" मी नाही म्हटल्यावरच ठिणगी पाडायचा. मला वाटे, किती अदबीचा माणूस!

बाळांनो, तुमच्या बाबांनी घेऊन दिलेल्या बटणाच्या शेगडीची वायर एकदा उंदरानं कुरतडली. त्या माणसानं नवी वायर जोडली, तिचं टोक बर्नरपाशी बसवलं, बटणावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "वास येतोय का?"

"मला पडसं आहे," मी म्हणाले. "आज तुम्हीच बघा."

अंगठा तसाच राहिला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मला नाय येत, काकू. कधीच नाय."

त्यानं अंगठा अलगद उचलला, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली. मी शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्या हसत आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच नाकाला पदर लावून थबकल्या. "अहो, केवढा गॅस!"

वायरीमागची रबरी नळीही उंदरानं कुरतडली होती. तो नवी नळी बसवत राहिला, आणि त्या दिवशी तिच्याशी एक शब्द बोलला नाही.