सोनूचं न तुटणारं एटीपी

नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावात तलावाचं पाणी सोडायचा मान ईश्वरदासचा. कोहळी, म्हणजे पिढीजात तलाव बांधणारा माणूस; पाळीला, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाला, खेकड्यानं भोक पाडलं तरी याचं जेवणावरचं मन उडतं. त्याची मुलगी सोनू माझी शाळेतली विद्यार्थिनी. आता नागपूरला पेशींवर संशोधन करते. हे सांगताना माझी छाती फुगते, फुगू द्या!

पोळ्यानंतर ती आली ती तोंड पाडूनच. जनुक वाचून त्यावरून आरएनए बनायला हवं होतं, पण तिच्या परीक्षानळीत ते काम तीनदा सुरूच झालं नव्हतं. आठवड्यात जमलं नाही तर प्रोजेक्ट दुसऱ्याला जाणार होतं.

"सगळं घातलं, सर. एटीपी तं खास घेतलं, न तुटणारं. साधं लवकर तुटून संपते."

एटीपी ही पेशीची ऊर्जा, आणि आरएनएची एक वीटही त्याचीच. मीही मान डोलावली. मजबूत वस्तू घेतली, चुकलं कुठं? पाळी बांधणाऱ्यांचं गाव आमचं. न फुटणाऱ्या गोष्टीचं आम्हाला भारी कौतुक.

संध्याकाळी ईश्वरदास तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायला निघाला. आम्ही दोघंही मागं गेलो. तलाव काठोकाठ आणि खालचं धान कोरडं. दांडा ओढता ओढता तो सोनूवर खेकसला, "पाहून काय राहिली वो? हात लाव! तलाव भरला म्हणून दार का आपल्या मनानं उघडते? जोर लागते!"

दार सरकलं, पाणी धावलं आणि सोनू ओरडली, "सर, मी गधी आहो!"

मग श्वास न घेता सांगत सुटली. जनुकाच्या सुरुवातीला डीएनएचे दोन धागे घट्ट बसलेले. ते उघडायला जोर लागतो, आणि एटीपीच्या टोकाचा तुकडा तुटतो तेव्हाच तो जोर मिळतो. तिचं एटीपी वीट म्हणून चालत होतं, पण तो तुकडा तुटतच नव्हता. इतकं मजबूत घेतलं होतं पोरीनं!

सकाळच्या बसनं ती गेली. तिसऱ्या दिवशी ईश्वरदास माझ्याच ओट्यावर बसला असताना फोन आला. "सर, खरं एटीपी घातलं! आरएनए बनून राहिलं! प्रोजेक्ट माझंच! बाबाले सांगा, तुडूम खुललं!"

ईश्वरदासनं दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि फोन हिसकावला.

"शाबास, पोरी! आता बंद कराले नोको विसरू. पाणी वाया जाते."