मेश्रामजींचं कँडललाइट डिनर

"मॅडम, इथली लाइट गेली."

फोनवर मेश्रामजी होते. ते नाशिकला, मी भंडाऱ्यात, ऑफिस बंद करायच्या तयारीत.

"लाइट गेली नाही, मेश्रामजी. ते कँडललाइट डिनर आहे. मुद्दाम अंधार ठेवतात."

"मुद्दाम? काहून?"

ट्रॅव्हलच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "वातावरणासाठी," मी म्हणाले.

मागून त्यांच्या बायकोचा, सुलोचनाबाईंचा, आवाज आला. "यायच्याकडं इन्व्हर्टर नाई का, विचारा म्हणा."

आमची एजन्सी बसस्टँडजवळ आहे. शिर्डी, तिरुपती, बोधगया, अष्टविनायक, हे आमचं नेहमीचं काम. रोमँटिक असं काही आम्ही विकलेलं नव्हतं. अशात एका सकाळी मेश्रामजी आले. मूळचे आंधळगावचे, बँकेतून रिटायर झालेले. अत्यंत अबोल माणूस. समोरच्या खुर्चीत बसून बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.

"नाशिकले जायचं हाये. ते अंगुराचे मळे असतात, वाइन बनते, तिथं. जेवाले रोमँटिक जागा पाहिजे."

‘रोमँटिक’ हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की मला वाटलं, पोटाच्या तक्रारीबद्दल बोलताहेत.

"लग्नाचा वाढदिवस आहे का?"

"नाई. बायको चालली."

"कुठं?"

"पुण्याले, पोरीकडं. कायमची."

सुलोचनाबाई सरकारी नर्स. दिघोरी, अड्याळ, सगळीकडे ड्युटी करून नुकत्याच रिटायर झालेल्या. त्यांनी घरी जाहीर केलं होतं, "इतके वर्षं मले वेळ नव्हता. आता वेळ हाये, तं तुमी टीवीशीच बोलून राहिले. मी पोरीकडं जातो."

"मग त्यांना सांगा ना, जाऊ नको म्हणून," मी म्हणाले.

"तेच तं सांगता येत नाई." मेश्रामजी पुन्हा पंख्याकडे पाहू लागले. "म्हनून तं हॉटेल पाहून राहिलो."

बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की नाशिकची बुद्ध लेणी पाहायची आहेत. मळे, वाइन, मेणबत्त्या, हे सगळं सरप्राइज.

आमचे मालक बोरकर साहेब हे ऐकत होते. मेश्रामजी गेल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमी वाइन पाह्यली हाये का कधी?"

"फोटोत."

"आन रोमँटिक हॉटेल?"

"तेही फोटोत."

"मंग वापस आल्यावर भांडाले इथंच येतीन थे."

मी रिव्ह्यू वाचून निवड केली. रिव्ह्यू म्हणजे जेवून आलेले लोक इंटरनेटवर लिहितात ते मत. ज्या हॉटेलच्या रिव्ह्यूत ‘रोमँटिक’ शब्द जास्त, ते मी वर ठेवलं. एक तलावाकाठचं, एक डोंगरावरचं, आणि मधल्या दुपारी मळ्यात वाइन टेस्टिंग. लिहिणारे सगळे पंचविशीतले होते आणि त्यांना अंधारात मेनू वाचता येत होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तर त्या तलावाकाठच्या पहिल्या रात्री सुलोचनाबाईंनी स्वतःच फोन हातात घेतला.

"बाई, भात मांगतला तं यायनं गिचका आनला. वरून म्हनते, रिसोट्टो."

"तो तसाच असतो, मावशी. इटालियन आहे."

"असन. पन आमच्याकडं असा भात कोनी पाहुण्याले वाढत नाई, आजाऱ्याले देते. आन तो एक पोरगा गिटार घेऊन कानापाशी उभा हाये. हे काही बोलाले तोंड उघडतेत, का तो गाणं सुरू करते."

मी डोक्याला हात लावला. जे बोलायला मेश्रामजी तिथवर गेले होते, ते मी बुक केलेला गिटारवाला बोलू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लेणी पाहून आले. बाईंनी त्यासाठी पांढरीशुभ्र साडी नेसली होती. तिथून थेट टेस्टिंगला. टेस्टिंग म्हणजे चार-पाच प्रकारच्या वाइनचा एकेक घोट देतात. ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा, मग चाखायचा. नको असेल तर थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. मेश्रामजींनी आयुष्यात पहिल्यांदा ग्लास फिरवला, तोही बँकेचा शिक्का मारावा तितक्या जोरात.

फोन वाजला.

"मॅडम, साडीवर सांडली! लाल! पांढरी साडी हाये! आता काय करू?"

घाबरून त्यांनी मलाच फोन लावला होता, स्पीकरवर. पलीकडे गोंधळ ऐकू येत होता. बाई ड्युटीवर असल्यासारख्या हुकूम सोडत होत्या. "मीठ आना! गार पानी आना! पुसू नोका, डाग पसरते! तुमी बाजूले व्हा!" कोणीतरी पळत गेलं. खुर्ची सरकली.

आणि मेश्रामजी ओरडले. माझ्या ऑफिसात बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा दचकलं.

"अवो, जाऊ नोको! मले तुह्याबिगर करमत नाई. टीवी तं मी आवाज पाहिजे म्हनून लावतो. तू जाऊ नोको!"

मग बाईंचा आवाज आला.

"मी बाथरूममधी साडी धुवाले जाऊन राहिली. पुण्याले नाई."

आणि वर म्हणाल्या, "आन हे इतक्या लोकायसमोर सांगाचं असते काय? घरी सांगाले काय झालं होतं?"

मी हळूच फोन ठेवला. बोरकर साहेब चष्मा पुसत म्हणाले, "धूळ लय झाली ऑफिसात."

तासाभराने बाईंचा फोन. आवाज नेहमीसारखाच करडा. "बाई, रातचं ते डोंगरावरचं कॅन्सल करा. मेणबत्ती नोको, गिटार नोको. उजेड असन आन सुटा भात भेटन, असं काही पाहा."

आयत्या वेळी नवीन जागा कुठून आणणार? मी त्याच डोंगरावरच्या हॉटेलला फोन लावला.

मॅनेजर म्हणाला, "मॅम, आमचं सगळं टेरेस डिम लाइटमध्ये असतं."

"तुमचा स्टाफ काय जेवतो?"

"स्टाफ? वरण-भात, भाजी."

"कुठं बसून?"

"किचनच्या मागे. मॅम, तिथे ट्यूबलाइट आहे."

"तेच टेबल बुक करा."

त्याने दोनदा खात्री करून घेतली. स्टाफच्या जेवणाला हॉटेलवाले स्टाफ मील म्हणतात, ते गिऱ्हाइकाला विकत नाहीत. त्या रात्री त्यांनी दोन पानं जास्त वाढली. वेटर लोक जेवून उठले, तरी हे दोघं बोलतच बसले होते, असं मॅनेजरने मला दुसऱ्या दिवशी थोड्या तक्रारीच्या सुरात कळवलं.

सुलोचनाबाई पुण्याला गेल्याच. शब्द दिला की मागे घेणारी बाई नाही ती. फक्त कायमच्या नाही, पावसाळ्यापुरत्या. तिकिटं मीच काढली, दोघांची. साडीचा डाग काही निघाला नाही.

तेव्हापासून रोमँटिक ट्रिप बुक करायला कोणी एकटा आला की आवडीनिवडी विचारायला मी दुसऱ्या माणसाचा नंबर मागते. एका साहेबांना म्हटलं, "घरी मॅडमना फोन करून विचारते, त्यांना काय आवडतं." साहेब उठून जे गेले, ते अजून आलेले नाहीत.