लोणंदला इंजिन पाणी घेतं

निरोप बिनचूक पोचवणारा म्हणून माझी ख्याती होती. ती कशी मिळाली आणि मी तिचं काय केलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. इथं कुणाचं नाव येणार नाही. जे गेले त्यांना आता नावाची गरज नाही, आणि जो आहे तो वाचता वाचता स्वतःला ओळखेल.

मी तेव्हा चोविशीत होतो. वसतिगृहात वाढलेला, आईबाप न पाहिलेला. पेटी बरी वाजवायचो. सांगलीत चर्चचे एक निवृत्त पाळक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. धोतर, उपरणं, हातात चिपळ्या, आणि कथा मात्र इब्री, म्हणजे हिब्रू, शास्त्रातली. आम्हा ख्रिस्ती लोकांत अशी कीर्तनं जुनी आहेत. मी त्यांच्यामागे पेटीवर सूर धरायचो. पाच वर्षं धरला.

गुरुजी तरुणपणी इब्री शिकले होते. उजवीकडून डावीकडे वाचायचा एक जाड ग्रंथ त्यांच्या पेटाऱ्यात असे. त्यातली ओळ आधी मूळ उच्चारात म्हणायचे, मग मराठीत, आणि मग ती कशी रचली आहे ते मला समजावून सांगायचे. ते म्हणत, इब्री कथा सांगणारा फार अबोल असतो. माणूस दिसायला कसा, आभाळ कसं होतं, मनात काय चाललं होतं, यातलं काही सांगत नाही. कोण उठला, कुठं गेला, काय बोलला, संपलं. त्यामुळं त्यानं एखादी वस्तू सांगितलीच, तर ती उगीच नसते. सुरी सांगितली तर सुरी लागणार. पाणी सांगितलं तर पाण्यापाशी काहीतरी घडणार.

दुसरं म्हणजे निरोप. त्या कथांत कुणी निरोप दिला की निरोप्या जाऊन तो सगळाच्या सगळा पुन्हा म्हणतो. ऐकणाऱ्याला डुलकी लागते. आणि नेमका तिथंच एक शब्द कमी झालेला असतो, नाहीतर जास्त. "पुन्हा तेच आलं म्हणून झोपायचं नाही," गुरुजी म्हणायचे. "चोर तिथूनच आत येतो."

हे त्यांनी घरातही आणलं होतं. दूधवाल्याला सांगायचं असलं तरी आधी म्हणून दाखवावं लागे. त्यांचा मुलगा असाच म्हणून दाखवत वाढला, आणि पुढे मी.

मुलाबद्दल थोडं सांगायला हवं. एकुलता एक. बापानं त्याला कीर्तनाला उभं करायचं ठरवलं होतं, आणि तो साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती होऊन आला. गुरुजी त्याला इतकंच म्हणाले की आता या घरात तुझं काही नाही. त्यानंतर दोन वर्षं त्याचं पत्र आलं नाही, यांनी घातलं नाही. त्याची खाट रिकामी होती. तिच्यावर मी झोपायला लागलो. हळूहळू गुरुजी मला बाळ म्हणायला लागले. मला तोवर कुणी बाळ म्हटलेलं नव्हतं.

मग दुष्काळाची वर्षं आली. पूर्वेकडची माणसं दुष्काळी कामांवर लोटली, आणि गुरुजी पेटारा उचलून त्यांच्यामागे निघाले. लोणंदपासून दोन कोसांवर पाझर तलावाची भिंत घालायचं काम चाललं होतं. आम्ही एका बंद शाळेच्या ओसरीत मुक्काम केला. दुपारच्या सुट्टीत, खडीच्या ढिगांमध्ये जी सावली मिळेल तिथं कीर्तन. सावली कसली, पोती बांधलेली होती चार बांबूंवर.

ऐकायला बसणारे बहुतेक मेंढरं राखणारे. मेंढरं विकलेली नाहीतर कोकणच्या वाटेला धाडलेली. या कथा त्यांना आमच्यापेक्षा जवळच्या. परका माणूस विहिरीवर आला, पाण्याला एक मुलगी आली, इतकं गुरुजींनी सांगितलं की मागून कुणीतरी ओरडायचा, "लगीन ठरलं बगा, गुर्जी!" आणि दुसरा, "आरं, आदी हिरीला पानी हाय का इचार की." गुरुजी हसायचे. नंतर मला म्हणायचे, यांना कुणी शिकवलं नाही, तरी विहीर आली की पुढं काय येणार ते यांना ठाऊक.

त्यांत एक बाई होती. पन्नाशीची, कपाळावर आडवं गोंदण, हातात नेहमी एक रिकामा तांब्या. एकदा गुरुजींनी बापलेकाची कथा लावली. देवानं मागितलं म्हणून बाप मुलाला डोंगरावर बळी द्यायला नेतो. विस्तव आणि सुरी बापाच्या हातात, लाकडं मुलाच्या खांद्यावर. दोघं बरोबर चालले, असं कथाकार सांगतो. थोड्या वेळानं पुन्हा सांगतो, दोघं बरोबर चालले. वर गेल्यावर हात अडवला जातो, मुलगा वाचतो. मग बाप खाली गड्यांपाशी परत येतो. कीर्तन संपलं, लोक उठले. ही बाई जागची हलली नाही.

"आवं गुर्जी," ती म्हणाली, "बाप खाली आला. पोरगं कुटं हाय?"

गुरुजींनी चिपळ्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "लिहिलेलं नाही, बाई."

त्या संध्याकाळी त्यांनी ग्रंथ काढून मला जागा दाखवली. खरंच नव्हतं. वर जाताना दोघं, उतरताना एकच क्रियापद, एकाच माणसाचं. शिकलेले लोक इथून सरळ पुढं निघून जातात, ते म्हणाले, आणि ही बाई थांबली. त्यांना आनंद झाला होता. मला मात्र त्या बाईची भीती वाटायला लागली. का, ते सांगता यायचं नाही. ती भाकरी खात असायची आणि मध्येच मान वळवून वाटेकडे बघायची, जणू कुणीतरी यायचं आहे.

त्याच आठवड्यात पेटी बिघडली. एक पट्टी अडकायची. बोट उचललं तरी सूर वाजतच राहायचा. मी पेटी मिरजेला नेली, तिथं वाद्यं दुरुस्त करणारी जुनी घराणी आहेत. कारागिरानं पट्टी सैल केली, दहा वेळा वाजवून दाखवली. शुक्रवारी मी मिरज स्टेशनावर परतीच्या गाडीची वाट बघत बसलो, आणि पाठीवर थाप पडली.

गुरुजींचा मुलगा. सुट्टीवर आलेला, पण घरी न गेलेला. एका मित्राकडं उतरला होता. आम्ही चहा घेतला. त्यानं बाबांचा खोकला विचारला, डोळे विचारले, आमचा मुक्काम कुठं आहे ते विचारलं. मी त्याच्या खाटेवर झोपतो हे त्याला माहीत होतं की काय कोण जाणे, तो म्हणाला, "तू आहेस म्हणून बरं, लेका." मग त्यानं निरोप दिला, आणि अगदी बापासारखं म्हणाला, "म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवला. एक शब्द इकडचा तिकडे न होता.

गाडीत बसल्यावर लोणंद येईपर्यंत मी तो मनात घोकत होतो. कुठल्या स्टेशनावर त्यातली दोन वाक्यं, आणि पुढचे तीन शब्द, गळाली, सांगता येत नाही. सातारा रोडला होती बहुधा. वाठार गेल्यावर मी तो म्हणून पाहिला आणि तो त्यांच्यावाचूनही उभा राहत होता. मी मुद्दाम केलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की दमलो होतो, विसरलो. विसरलो नव्हतो. बाप आणि मुलगा भेटले असते तर खाट त्याची होती. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

शनिवारी संध्याकाळी ओसरीवर मी गुरुजींना निरोप दिला. म्हणालो, तो भेटला होता. त्यानं सांगितलंय: सोमवारी दुपारच्या गाडीनं मी जातोय. लोणंदला इंजिन पाणी घेतं, तितका वेळ गाडी थांबते. पुन्हा या बाजूला येणार नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

गुरुजींनी उपरण्याची घडी केली. मोडली, पुन्हा केली. पेला विसळून पालथा ठेवला. मनात काय होतं ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

सोमवारी सकाळी मुकादमाची सायकल ओसरीला टेकवलेली होती. गुरुजी तिच्यापाशी गेले, सीटवर हात ठेवून उभे राहिले. मी पेटी पुसत होतो. त्यांनी एकदा विचारलं असतं तर कॅरिअरवर बसवून तासाभरात मी त्यांना लोणंदला नेलं असतं. त्यांनी विचारलं नाही. मी बोललो नाही. दुपारी पोत्यांखाली उभे राहिले आणि कुणी न सांगता त्यांनी बापलेकाचीच कथा लावली.

ऊन असं होतं की खडीकडं बघवत नव्हतं. कुत्रं भुंकत नव्हतं, कावळा नव्हता. दोघं बरोबर चालले, गुरुजी म्हणाले. मुलानं विचारलं, विस्तव आहे, लाकडं आहेत, बळी कुठं आहे? बापानं उत्तर दिलं. दोघं बरोबर चालले. आणि पश्चिमेकडून इंजिनाची शिट्टी आली.

वारा त्या बाजूचा होता, म्हणून आली असेल. रोज येत नसे. गुरुजी थांबले. चिपळ्या हातात तशाच. आम्हाला वाटलं श्वास घेतायत. मिनिट गेलं, दोन गेली. दीड-दोनशे माणसं बसलेली, पण कुणी खोकलं नाही, लेकरूसुद्धा रडलं नाही. मी भाता हलवत होतो, सवयीनं. आणि मला कळलं की पेटी वाजतेय. माझी बोटं तर मांडीवर होती. दुरुस्त करून आणलेली तीच पट्टी, तोच सूर. भाता थांबवायला हवा होता. हात थांबेना.

किती वेळ ते कुणाला विचारता आलं नाही. इंजिन पाणी घेईल इतका. मग दुसरी शिट्टी आली, लांबलचक, आणि हळूहळू विरून गेली. गुरुजींनी चिपळ्या वाजवल्या. डोंगरावरचं काहीच सांगितलं नाही, थांबवलेला हात नाही, वाचलेला मुलगा नाही. एकदम म्हणाले, "आणि बाप खाली उतरला."

त्यांनी कीर्तन तिथंच संपवलं. लोक टोपल्या उचलून निघाले. ती बाई आमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. या वेळी तिनं विचारलं नाही.

"आज बी न्हाई उतरलं पोरगं," ती म्हणाली. हे गुरुजींना नाही, माझ्याकडं बघून म्हणाली. मग तांब्या घेऊन कामाला लागली. दोन दिवसांनी तिची टोळी दुसऱ्या कामावर गेली, पुन्हा दिसली नाही. अजूनही दुपारी एकटा असलो की मला वाटतं, ती दारात उभी आहे.

मुलगा खरंच परत आला नाही. मेला नाही, कुठं कुठं बदल्या होत गेल्या, लांबच लग्न झालं, असं कानावर यायचं. गुरुजींनी ती कथा त्यानंतर पुष्कळदा लावली, फलटणला, आष्ट्याला, आटपाडीकडं. दरवेळी त्या जागी थांबायचे. मी भात्यावरून हात काढून घ्यायचो. लोक म्हणायचे, काय सांगतात गुरुजी, अंगावर काटा येतो. येणारच.

तीन-साडेतीन वर्षांनी गुरुजी सांगलीत अंथरुणाला खिळले. मीच सगळं करत होतो. एका सकाळी त्यांना धुऊन-पुसून टेकवून बसवलं, तर म्हणाले, "बाळ, तो निरोप म्हण पुन्हा."

मी म्हटला. तसाच, तीन वाक्यांचा. मी इतका तरबेज झालो होतो की आवाजही हलला नाही.

डोळे मिटूनच ते म्हणाले, "कायमचा जाणारा माणूस इंजिनाच्या पाण्याचं कशाला सांगेल?"

दोन वाक्यं मी गाळली होती, पण पाणी ठेवलं होतं. त्यांच्याच हाताखाली शिकून एवढी चूक मी केली होती.

"मला त्याच संध्याकाळी कळलं," ते म्हणाले. "सायकलही होती. तू सांगितलं नाहीस, या सबबीवर मी बसून राहिलो."

मी त्यांचे पाय धरले. सांगतो म्हणालो, सगळं सांगतो, शब्दन् शब्द पाठ आहे. त्यांनी हात वर केला.

"नको. तू गाळलेलं मी रोज वेगळं ऐकतो. आता त्याचं एकच करू नकोस."

आठवडाभरानं ते गेले. कबुली माझ्या तोंडात तशीच राहिली.

मुलाला मी कळवलं. तो आला नाही. गेल्या वर्षी मात्र त्याचं पत्र आलं. निवृत्त झालाय. चार ओळी ख्यालीखुशालीच्या, आणि शेवटी विचारलं होतं, त्या वेळी बाबांना निरोप दिला होतास ना? मी उलट टपाली कार्ड टाकलं. लिहिलं, दिला होता.

पुन्हा तेच केलं मी. म्हणजे तो आजही असं समजतो की बापानं सगळं ऐकलं आणि तरी दोन कोस आला नाही. ते खोटं आहे. बाप का आला नाही हे मी त्याला वर सांगितलं आहे, जेवढं मला माहीत आहे तेवढं. हे छापून आलं की अंक त्याच्या पत्त्यावर धाडणार आहे. त्यानं काय करायचं ते त्याचं. पण त्यानं दिलेला निरोप मला नीट येत होता, एवढं त्यानं पाहावं. म्हणून दाखवतो:

बाबांना सांग, सोमवारी दुपारच्या गाडीनं मी जातोय. लोणंदला इंजिन पाणी घेतं, तितका वेळ गाडी थांबते. मी उतरून फलाटावरच्या लिंबाखाली उभा राहीन. बाबा आले तर सामान उतरवून त्यांच्याबरोबर घरी येईन, उरलेली सुट्टी तिथंच काढीन. नाही आले तर पुन्हा या बाजूला येणार नाही.