रहाटावरची चूल

सकाळी तोंड धुऊन झालं की जगूभाऊ एक उदबत्ती पेटवत आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहत. हात पुढे, डोळे बारीक, श्वास रोखलेला. नवा पाहुणा हे पाहून चपला काढी. माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली तेव्हा तिनं लांबूनच हात जोडले आणि मला म्हणाली, शेजार चांगला मिळालाय तुला, माणूस धार्मिक दिसतो. देवाला उदबत्ती लावायची भाऊंना क्वचितच आठवण होई. ही उदबत्ती चुलीसाठी होती.

नंदाखालला त्यांच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत असे. आगाशीच्या शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी ओट्यावर वाचत बसायचं, एवढाच माझा दिनक्रम. वाचणाऱ्या माणसाची भाऊंना मनापासून दया येई. "मास्तर, डोळे शिणले असतील, जरा हे धरा," असं म्हणून ते माझ्या हातात काहीतरी जड आणि गंजलेलं देत. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी वस्तू बनवायला घेतल्या होत्या. त्यांचं नारळ सोलायचं यंत्र होतं. ते चालवायला दोन माणसं लागत, एक नारळ धरायला आणि एक यंत्र धरायला. कोंबड्यांच्या खुराड्याला त्यांनी आपोआप बंद होणारं दार केलं होतं. ते बंद होई, फक्त कोंबड्या आत यायच्या आधी. त्यांच्या पत्नी, मनूवहिनी, यावर फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "यांनी घड्याळ नीट केलं तवापासून मी उन्हावर चालते."

वहिनींना दमा होता. घरात गॅस होता, पण आंघोळीचं पाणी आणि मासळीचं कालवण या दोन गोष्टी त्यांनी पडवीतल्या जुन्या चुलीसाठी राखून ठेवल्या होत्या. वाडीत झावळ्या आणि नारळाची सोडणं कुजत पडायची आणि आपण सिलिंडरच्या गाडीची वाट बघायची, हे त्यांच्या बुद्धीला पटत नसे. डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितला. त्या मान डोलावून घरी आल्या आणि त्यांनी चूल पेटवली. एका थंडीत त्यांना दवाखान्यात ठेवायची वेळ आली. तेव्हा विरारला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रकाशनं, त्यांच्या मुलानं, स्पष्ट सांगितलं की एकतर ही चूल फोडा, नाहीतर आईला मी माझ्याकडे नेतो. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. वहिनी चूल फोडू देईनात आणि वाडी सोडायचं नावही काढेनात. तिसऱ्या मजल्यावर मी फार दिवस टिकायची नाही, हे त्या भाजी निवडता निवडता इतक्या सहज बोलून गेल्या की भाऊ त्या दिवशी जेवताना अर्ध्या पानावरून उठले.

त्या सुमारास सगळ्या घरांवर काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या चढू लागल्या होत्या. भाऊंच्याही छपरावरची जुनी लोखंडी टाकी खाली उतरली होती. कमरेएवढी, गोल, बुडाला चाळण झालेली. भंगारवाला तिच्याभोवती घुटमळत होता. भाऊंनी त्याला परत पाठवलं. "जन्मभर पानी सांभाळलंन तिनं," ते मला म्हणाले, "आता विस्तव सांभाळील." अंगणात, उघड्यावर, धूर वर नेणारी चूल करायची, म्हणजे मनूची चूलही राहील आणि मनूही राहील, असा त्यांचा बेत होता.

आगाशीच्या वेल्डरकडून त्यांनी टाकीला पुढून तोंड कापून घेतलं, वरच्या झाकणाला हंडा बसेल एवढं भोक पाडून घेतलं आणि मागे पत्र्याचं धुरांडं बसवलं. आतून विटा लावल्या, त्यावर माती आणि तुसाचा गिलावा दिला. धुरांडं उंच हवं होतं, पण वर चिकूची फांदी होती आणि वहिनी ती तोडू देईनात. तेव्हा धुरांडं आखूड झालं. मग सिमेंटचा चौथरा बांधून टाकी त्यावर पक्की बसवली. भाऊंच्या बाकीच्या वस्तू हलत, डुगडुगत. ही तरी हलू नये अशी त्यांची इच्छा असावी.

संध्याकाळी चूल पेटवून पाहिली. समुद्राकडून खारा वारा येत होता, चुलीचं तोंड पश्चिमेला होतं. वारा सरळ आत शिरला, झावळ्या भडभडून पेटल्या आणि धूर धुरांड्यातून शहाण्यासारखा वर गेला. वहिनी चुलीपुढे पाटावर बसल्या आणि एकदाही खोकल्या नाहीत. भाऊंनी आळीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. रोज संध्याकाळी दाखवलं. प्रकाशला निरोप गेला की रविवारी सकाळी आंघोळीलाच ये.

तो आला. वहिनींनी हंडा चढवला, चूल पेटवली आणि पुढच्या क्षणी त्या धुरात दिसेनाशा झाल्या. सकाळी आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई म्हणतात आणि किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक असतो. जगूभाऊंचा सगळा जन्म या गावात गेला होता आणि त्यांनी आंघोळीच्या पाण्याची चूल संध्याकाळच्या वाऱ्यावर बेतली होती. वारा आखूड धुरांड्यातून उलटा खाली उतरत होता आणि सगळा धूर तोंडावाटे वहिनींच्या अंगावर येत होता. प्रकाशनं आईला उचलून ओट्यावर आणलं. तिचा श्वास खाली बसेपर्यंत तो तिची पाठ चोळत राहिला. मग म्हणाला की पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो, तिचे कपडे भरून ठेवा.

भाऊंनी पहिला तोडगा सुचवला तो असा, की घरातल्या सगळ्यांनी संध्याकाळी आंघोळ करावी. वहिनींनी विचारलं, "आनि देवाला मी पारोशा हातानं फुलं वाहू?" तोडगा तिथेच संपला.

त्यानंतर ते उदबत्ती घेऊन अंगणात उभे राहू लागले. सकाळी धूर कुठे झुकतो, दुपारी कुठे, कोणत्या घटकेला वारा फिरतो. चूल त्यांच्या शेजारी सिमेंटात घट्ट उभी होती. एकदा मला म्हणाले, "वाऱ्याशी भांडू नये मास्तर. आपुन तोंड फिरवायचं." संसारात ते हेच करत आले होते, वहिनी बोलू लागल्या की खुर्ची वाडीकडे वळवून बसत. चुलीलाही ही सोय हवी, हे त्यांना उशिरा सुचलं.

वाडीतल्या विहिरीवर जुना रहाट होता. पंप आल्यापासून तो पडून होता. बैल फिरायचा तेव्हा त्याच्याबरोबर फिरणारं ते आडवं चाक आम्ही दोघांनी काढलं, म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी काढलं. चौथरा फोडला, चाक खुंट्यावर बसवलं, त्यावर पत्रा, त्यावर विटांचा थर आणि त्यावर टाकी. ढकलायला एक लाकडी दांडा. शेजारी हसले. टाकी देवळाभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखी करकरत फिरे आणि दर वेळी चिकूच्या फांदीला धुरांडं घासून जाई.

रविवारी प्रकाश टेम्पो घेऊन आला. भाऊंनी उदबत्ती लावली, पाहिलं, दांडा ढकलून चुलीचं तोंड पूर्वेला केलं आणि बाजूला झाले. वहिनी पाटावर बसल्या. झावळी पेटली, आणखी एक पेटली, आणि धूर मागच्या बाजूनं वर चिकूत गेला. हंड्यातलं पाणी कढेपर्यंत प्रकाश आईच्या तोंडाकडेच बघत उभा होता. मग त्यानं टॉवेल मागितला. टेम्पोतून परत जाताना केळीचे घड गेले, कपडे गेले नाहीत.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती चूल दिवसातून दोनदा फिरली. मी पुढे विरारला घर घेतलं, तरी सुट्टीत जाऊन बसायचो. चूल फिरवायचा मान भाऊ कोणालाही देत नसत. वहिनी म्हणत, "मी फक्त लाकडं घालायची. वारा त्यांच्या खात्यात."

भाऊ गेल्याचा निरोप आला तो सकाळी. मी पोचलो तेव्हा त्यांना ओट्यावर निजवलं होतं आणि उशाशी उदबत्त्या लावल्या होत्या. त्यांच्या मुलीला सासरहून यायला वेळ लागला, दुपार झाली. शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवायला माणसं रीतीप्रमाणे अंगणात तीन दगड मांडू लागली. वहिनींनी मान वर केली. "ती चूल त्यांनी कशाला केली मंग?" एवढंच म्हणाल्या. दगड बाजूला झाले, टाकीवर हंडा चढला. चुलीचं तोंड भाऊंनी आदल्या दिवशी संध्याकाळी सवयीनं सकाळसाठी वळवून ठेवलं होतं, पूर्वेला. प्रकाश काडी ओढणार होता.

वहिनी भाऊंच्या उशाशी बसल्या होत्या. उदबत्तीचा धूर इतका वेळ समुद्राकडे झुकत होता. तो क्षणभर सरळ झाला आणि मग हळूच उलट्या बाजूला कलला. वहिनी उठल्या. बायकांना वाटलं, यांना भोवळ येते आहे, त्या धरायला धावल्या. त्यांचे हात सोडवून वहिनी अंगणात गेल्या, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ढकलला. चाक करकरलं. धुरांडं चिकूच्या फांदीला घासून गेलं. तोंड पश्चिमेला आल्यावर त्या थांबल्या आणि प्रकाशला म्हणाल्या, "आता पेटव."

एका काडीत पेटली.